श्ट्रालझुंडला मुक्काम, रुगेनची भटकंती
जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर फिरताना रुगेन बेटावर रोज हॉटेल बदलत बसण्यापेक्षा श्ट्रालझुंड या जुन्या हान्सा (मध्ययुगीन व्यापारी शहरांचा संघ) शहरातच मुक्काम ठोकावा. लाल विटांच्या गॉथिक वास्तूंमुळे २००२ साली युनेस्कोच्या यादीत गेलेले हे गाव पायीच पाहून होते. तेथून रेल्वेने पुलावरून बेटावर जाता येते, मात्र पुटबुसहून ग्योरेनला जाणारी वाफेची छोटी गाडी आणि क्योनिग्सश्टूल हा ११८ मीटर उंचीचा खडूचा पांढराशुभ्र कडा यांसाठी स्वतंत्र दिवस राखावेत, कारण दोन्ही एकाच दिवसात उरकायला गेल्यास नुसती धावपळ होते. खासगी मोटारींना बंदी असलेल्या शेजारच्या हिडेनझे बेटावर बोटीने जाताना परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधीच टिपून ठेवावी, आणि भर उन्हाळ्यातही वारा झोंबतो, म्हणून विंडचीटर बॅगेत अगदी वर ठेवावा.