छोट्या लेआउटवर मालगाडीचं शंटिंग: या चुका टाळा

"शंटिंग जमत नाहीये, काय चुकतंय ते सांगा," असं म्हणून मॉडेल रेल्वे बांधणारे लोक मला लेआउटचे, म्हणजे फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेचे, फोटो पाठवतात. शंटिंग म्हणजे इंजिनाने वाघिणी (मालडबे) हलवून हव्या त्या जागी, हव्या त्या क्रमाने लावणं. बहुतेक फोटो एकाच तऱ्हेचे असतात. फळी सहा फुटांची, तिच्यावर सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा) आठ, वाघिणी वीस. सगळ्या साईडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ) भरलेल्या आणि इंजिनाला वळवळायलाही जागा नाही. पैसे खर्च झालेले असतात, रूळ चिकटवून खडीही टाकलेली असते, म्हणून उत्तर द्यायला जीवावर येतं. निदान पुढच्यांनी तरी हे आधी वाचावं.

मी एचओ या मापात काम करतो, म्हणजे खऱ्याच्या 1:87, दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये भिंतीलगत सहा फुटांची फळी आहे आणि विषय अमेरिकन: 1970च्या दशकातली कारखान्यांची साईडिंग, शंटिंगचं एक एसडब्ल्यू1500 डिझेल इंजिन, 40 फुटी बंद वाघिणी. आपली रेल्वे का नाही, असं बरेच जण विचारतात. आपल्याकडे 1980च्या दशकापासून एकेकट्या वाघिणींची वाहतूक बंद होत गेली. आता येते ती अख्खी रेक, म्हणजे एकत्र जोडलेली पूर्ण गाडी, आणि रेक फोडून चार वाघिणी चार दारांशी लावायचं काम राहिलेलं नाही. आज विशीत असलेल्यांनी हे काम डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. निम्म्या चुका त्यातून होतात, उरलेल्या घाईतून.

जागा मोजताना सांध्यापासून सांध्यापर्यंत मोजणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

माझ्या पहिल्या फळीवर एक लूप होता, म्हणजे दोन्ही टोकांना मुख्य रुळाला जोडलेला बाजूचा रूळ. कागदावर तो 75 सेंटिमीटर भरत होता. 40 फुटी वाघीण कपलिंगसकट साधारण साडेपंधरा सेंटिमीटरची, म्हणजे चार वाघिणी आरामात मावतील असा हिशेब केला. पण लूपची खरी लांबी सांध्यांमधली नसते, ती दोन फाउलिंग मार्कांमधली असते. शेजारच्या रुळावरून इंजिन जाताना जिथे उभ्या वाघिणीचा कोपरा त्याला घासणार नाही, तिथून मोजायचं. तसं मोजल्यावर निघाले 48. चारच्या तीन वाघिणी झाल्या.

तेवढ्यावर निभावलं असतं. खरा घात शंटिंग नेकने केला. लूपच्या टोकाचा हा बंद रूळ भिंतीपाशी संपत होता आणि सांध्याच्या पात्यांपासून त्याची लांबी होती 28 सेंटिमीटर. इंजिन साडेपंधरा, वाघीण साडेपंधरा, मिळून 31. तीन सेंटिमीटर कमी. इंजिन एक वाघीण घेऊन भिंतीला टेकायचं, तरी वाघिणीची मागची चाकं सांध्यावरच राहायची. सांधा फिरवता येत नाही, म्हणजे त्या बाजूच्या दोन्ही साईडिंग असून नसल्यासारख्या.

हे मला कळलं कधी, तर एका रविवारी तीन मित्र खास खेळायला आले तेव्हा. पहिल्या दहा मिनिटांत गाडी अडली. एकाने निमूटपणे दोन बोटांनी वाघीण उचलली आणि पलीकडच्या रुळावर ठेवली. त्यानंतर सगळेच उचलायला लागले. अर्ध्या तासात खेळ संपला आणि आम्ही चहा प्यायला बसलो. मला फार वाईट वाटलं होतं.

ते दुरुस्त करायला पुढचे तीन शनिवार-रविवार गेले. खडी फेविकॉलने बसवली होती. तिच्यावर ड्रॉपरने कोमट पाणी सोडायचं, वीस मिनिटं थांबायचं, मग रंगाऱ्याची पातळ पट्टी रुळाखाली हळू सरकवायची. घाई केली की रूळ स्लीपरातून सुटतो. एक सांधा मी असाच गमावला.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. लेआउट संगणकावर कितीही नीट काढलेला असो, आधी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून त्याच मापाचा आराखडा काढतो, रूळ नुसते मांडतो, प्रत्यक्ष इंजिन आणि वाघिणी ठेवून आठवडाभर हाताने ढकलतो. बायको वैतागते, पण त्या आठवड्यात जे कळतं ते सॉफ्टवेअरमध्ये कळत नाही. "सॉफ्टवेअरमध्ये बसलंय" म्हणून थेट गोंद उघडणाऱ्यांना मी मदत करायचं थांबवलं आहे.

सगळ्या जागा भरून टाकणं

ब्रिटिश मॉडेलर ॲलन राइट यांचा 'इंगलनुक साईडिंग्ज' हा आराखडा बघा. तीन साईडिंग, त्यांत पाच, तीन आणि तीन वाघिणींची जागा. नेकमध्ये इंजिन आणि तीन वाघिणी. सांधे फक्त दोन. साईडिंगमध्ये अकरा जागा असूनही वाघिणी आठच. त्यांतल्या पाच वाघिणींची गाडी चिठ्ठ्या काढून ठरलेल्या क्रमाने लावायची. पहिल्या जागेला आठ पर्याय, दुसऱ्या जागेला सात, मग सहा, पाच, चार. गुणाकार केला तर 6,720 वेगवेगळ्या गाड्या होतात. दोन सांध्यांवर!

हे जमतं ते त्या तीन रिकाम्या जागांमुळे. वाघीण तात्पुरती ठेवायला जागा असेल तरच क्रम बदलता येतो. माझ्या फळीवर निम्म्यापेक्षा थोड्या जास्त जागा भरल्या की मी थांबतो. नवीन वाघीण आली तर जुनी एक डब्यात जाते. नवशिक्यांना हे पटत नाही. विकत घेतलेली वाघीण डब्यात ठेवायची म्हणजे त्यांना नुकसान वाटतं.

वेग

आपल्या रेल्वेच्या नियमात शंटिंगची कमाल मर्यादा ताशी 15 किलोमीटर आहे, पेट्रोल किंवा स्फोटकांच्या वाघिणी असतील तर 8. एचओमध्ये ताशी 15 म्हणजे सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. एक मीटर कापायला एकवीस सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून बघा, तुमचं इंजिन बहुधा पाच सेकंदांत पोचत असेल.

लोक म्हणतात, इतकं हळू चालवलं तर कंटाळा येईल. उलट आहे. सहा फुटांची फळी वेगात चालवली की दहा मिनिटांत संपते, खऱ्या वेगाने तिच्यावर तास जातो. लहानपणी दौंडच्या यार्डापाशी मी तासन्‌तास उभा राहायचो. आठवतं ते थांबणंच. सांधेवाला चालत जायचा, खाली वाकायचा, झेंडा दाखवायचा, मग इंजिन रेटा द्यायचं आणि बफरांचा खणखणाट एका वाघिणीतून दुसरीत जात लांबपर्यंत ऐकू यायचा.

अमेरिकेत जोडणी ताशी 4 मैलांच्या आत करायची रीत आहे. एचओच्या मापात एका वाघिणीची लांबी कापायला सात-आठ सेकंद. जमिनीवरचा माणूस रेडिओवर अंतर वाघिणींमध्ये सांगत असतो. आम्ही दोघे खेळतो तेव्हा तेच करतो. एक जण कंट्रोलर धरतो, दुसरा लेआउटशी डोळे लावून म्हणतो, "तीन... दोन... एक... अर्धी... बस." कपलिंग लागलं की इंजिन किंचित मागे ओढून बघायचं, खरंच लागलंय का. मग ब्रेकची नळी जोडायचे दहा सेकंद हात बांधून थांबायचं. वाघीण सोडताना हँडब्रेक लावायचे दहा सेकंद वेगळे. डीसीसी (इंजिनाला डिजिटल हुकूम देणारी पद्धत) असेल तर इंजिनातल्या सीव्ही 3 आणि सीव्ही 4 या सेटिंग वाढवा म्हणजे इंजिन जडपणे सुटेल आणि जडपणे थांबेल.

अमेरिकन मॉडेलर जॉन ॲलन यांचा 'टाइमसेव्हर' हा 1972चा आराखडा पुष्कळ जण पहिला लेआउट म्हणून उचलतात. तो घड्याळाशी शर्यत लावायचा खेळ म्हणून बनवला होता आणि खेळ म्हणून झकास आहे. पण त्यावर हात बसला की घाईची सवय लागते आणि ती जाता जात नाही. मी तो कुणालाही आधी बांधू देत नाही.

बाकीच्या

वाघिणीला कारण द्या. टँकर पाइपाशीच उभा राहील, बंद वाघिणीचं दार धक्क्याच्या दारासमोर येईल. प्रत्येक वाघिणीची एक चिठ्ठी ठेवा: कुठून आली, कुठे जायची.

समोरून तोंड असलेली, म्हणजे गाडी पुढे जाताना समोर फुटणारी, साईडिंग ठेवाल तर लूप हवाच, नाहीतर इंजिन वाघिणीच्या चुकीच्या बाजूला अडकतं.

सांध्याच्या फ्रॉगला, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला, वीज द्या. छोटं इंजिन हळू चालतं तेव्हा प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर हमखास मरतं, आणि मग बोटाने ढकलायची सवय लागते.

केडी कपलिंगसाठी (ही चुंबकाने सुटतात) रुळाखाली चुंबक जिथे तिथे बसवू नका, जाता-येता गाडी तुटते. कपलिंग सोडवायला मी बांबूची काडी टोकदार करून वापरतो.

हलक्या वाघिणी ढकलताना रुळावरून उतरतात. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे 40 फुटी वाघीण साधारण 105 ग्रॅम भरली पाहिजे. मी दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर तोलतो आणि आत लोखंडी नट चिकटवतो, दोन्ही टोकांच्या चाकांवर सारखे.

रूळ सँडपेपरने घासू नका. ओरखड्यांत मळ बसतो आणि महिनाभरात पहिल्यापेक्षा वाईट होतं. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, रूळ पुसा, मग तेच फडकं रुळावर आडवं टाकून इंजिनाच्या एका टोकाची चाकं त्यावर फिरू द्या, दुसऱ्या टोकाची रुळावर. फडक्यावर दोन काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटायच्या थांबल्या की इंजिन उलटं फिरवून दुसरं टोक.