सांगितलेलं टिकत नाही? चिडण्याआधी या चुका टाळा

धाकट्या भावाला इंदूरच्या मल्हारगंजात पाठवलं होतं. अर्धा किलो शेव, दही, कपड्यांचा साबण, आणि येताना इस्त्रीचे कपडे. परतला तो फक्त शेव घेऊन. मी नको ते बोलले. तो म्हणाला, "ताई, दुकानदारानं विचारलं, 'कौन सी दूँ भिया, लौंग की या सादी?' तेवढ्यात बाकीचं पुसलंच गेलं."

त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशय होणारा मानसिक आजार आहे. वर्किंग मेमरी म्हणजे काम हातावेगळं होईस्तोवर चार गोष्टी मनात धरून ठेवायची शक्ती. तीच या आजारात कमी पडते.

पहिली चूक माझीच: आळस समजणं. होळकर क्रिकेट संघानं रणजी करंडक जिंकला ते चारही हंगाम, 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53, हा धडाधड सांगतो. आजोबांकडून ऐकलेले. मग मी टोमणा मारायची, "सोयीचं बरं लक्षात राहतं!" पण जुनं आठवणं वेगळं आणि आत्ताचं धरून ठेवणं वेगळं. 1992 साली सोही पार्क आणि फिलिप होल्झमन या संशोधकांनी या आजाराच्या रुग्णांना पडद्यावरच्या ठिपक्याची जागा थोडा वेळ लक्षात ठेवायला सांगितली. ठिपका समोर असेपर्यंत अडचण नव्हती, तो नाहीसा झाल्यावर ते चुकू लागले. आमच्याकडे ठिपक्याऐवजी साबण होता, इतकंच.

दुसरी, एका दमात सगळं सांगणं. धडधाकट माणसाच्या मनातही एका वेळी साधारण 4 गोष्टीच मावतात, आणि आम्ही इंदूरकर तर हिंदी-मराठीची खिचडी करत, टीव्ही चालू ठेवून, स्वयंपाकघरातून ओरडून सांगणार! आधी टीव्ही बंद करा, समोर या, एकच काम सांगा. "कळलं ना?" विचारू नका, उत्तर "हो" असंच येतं. त्यापेक्षा "आधी कुठं जाशील?" विचारा. मास्तरकी मात्र नको. आणि तो मोजत, लिहीत किंवा पैसे देत असेल तर मध्ये बोलू नका. फोनही करू नका.

गोळ्यांच्या बाबतीतली चूक महागात पडते. "गोळ्यांनीच डोकं मंद झालंय" म्हणून नातेवाईक त्या बंद करायला लावतात. ही अडचण गोळ्या सुरू होण्याआधीही दिसते, आणि गोळ्या अचानक थांबवल्या तर भास, संशय परत उसळू शकतात. उलट, गोळ्यांनी भास थांबले म्हणजे स्मृतीही सुधारेल, हा भरवसा धरू नका. तिच्यावर या औषधांचा फारसा परिणाम होत नाही. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना जरूर विचारा: हात थरथरू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी अजून लागते का? तिनं स्मृती आणखी मंदावू शकते. कमी करायची तर त्यांनीच.

बदाम, ब्राह्मी, शेजारच्या काकूंचे उपाय सोडून देते. मोबाइलवरच्या मेमरी गेम्समध्ये गुण वाढतात, पण बाजारातली यादी त्यानं सुधारेलच असं नाही. कॉग्निटिव्ह रेमेडिएशन नावाचं, लक्ष आणि स्मृतीचा सराव करून घेणारं प्रशिक्षण उपयोगी पडतं, आणि थेरपिस्ट सोबत असेल, प्रत्यक्ष कामाची जोड असेल तर जास्तच.

आता आमच्याकडे खिशात वही असते. यादी त्याच्याच अक्षरात, घेतलेल्या वस्तूवर काट. परवा मी घाईनं सांगत सुटले, तर पेन वर करून म्हणतो, "ताई, एकेक."