सॅश खांद्यावर पडण्याआधी: मिस युनिव्हर्समधल्या राजकारणाची तयारी

चाल, गाऊन, केस, त्वचा यांवर वर्षभर मेहनत होते आणि राजकारणाचा विचार विमानात बसल्यावर सुचतो. तोवर उशीर झालेला असतो.

सुरुवात कागदांपासून करा. सॅशवर ‘इंडिया’ लिहिलेलं असलं तरी मुलीला पाठवणारं सरकार नसतं. मिस युनिव्हर्स हा खासगी धंदा आहे आणि देशोदेशीची स्पर्धक निवडून पाठवण्याचे परवाने तो वाटतो. भारताचा परवाना २०२४ पासून ग्लॅमानंद या सौंदर्यस्पर्धा भरवणाऱ्या संस्थेकडे आहे. मिस वर्ल्डचा रस्ता वेगळा, तो फेमिना मिस इंडियातून जातो. वरचे मालकही बदलत राहतात. १९९६ ते २०१५ डोनाल्ड ट्रम्प होते. २०२२ मध्ये थायलंडच्या जेकेएन कंपनीने स्पर्धा २ कोटी डॉलरला घेतली, वर्षभरात ती कंपनी कर्जापायी दिवाळखोरी न्यायालयात गेली, आणि २०२४ मध्ये निम्मा हिस्सा मेक्सिकोतल्या उद्योजकाकडे आला. म्हणून करारात एवढं शोधाच: प्रवासाचा आणि कपड्यांचा खर्च कोणाचा, ताज मिळाल्यावर किती महिने बांधील, सोशल मीडियावर काय टाकायचं हे कोण ठरवणार, आणि परवानाच दुसऱ्याच्या हातात गेला तर तुमचं काय. सही वकिलाला दाखवूनच करा.

सोशल मीडियाचं कलम किरकोळ समजू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये बँकॉकच्या स्पर्धेत यजमान बाजूच्या संचालकाने मेक्सिकोच्या फातिमा बॉशला सर्वांसमोर झापलं ते प्रसिद्धीच्या पोस्टवरूनच. ती उठून बाहेर पडली, तिच्यामागे इतर काही स्पर्धकही. अडीच आठवड्यांनी ताज तिलाच मिळाला, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

मग यजमान देश. तिथे स्पर्धा का भरते आहे, विरोध कोण करतं आहे आणि आपल्या देशाचं त्या देशाशी कसं आहे, हे एका पानावर लिहून काढा. २०२१ ची स्पर्धा इस्रायलमध्ये एलातला होती. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने आपली स्पर्धक लालेला म्स्वाने हिचा पाठिंबा काढून घेतला. ती तरीही गेली आणि तिसरी आली. (त्याच वर्षी हरनाझ संधू जिंकली.) विरोध दरवेळी परराष्ट्र धोरणाचाच असतो असं नाही. १९९६ ची मिस वर्ल्ड बंगळुरूत होती तेव्हा आंदोलनांमुळे स्विमसूट फेरी सेशेल्सला हलवावी लागली. बॅग भरताना हेही लक्षात ठेवा.

सेल्फी काढण्याआधी शेजारच्या मुलीची सॅश वाचा. २०१७ मध्ये इराकच्या सारा इदानने इस्रायलच्या स्पर्धकासोबत फोटो टाकला आणि तिच्या कुटुंबाला धमक्यांमुळे इराक सोडावं लागलं. फोटो काढू नका असं कोणी म्हणत नाही. पण घरच्यांना विचारून टाका, कारण किंमत त्यांना मोजावी लागते.

आता अंतिम फेरीत मंचावर विचारला जाणारा प्रश्न. उत्तराला साधारण ३० सेकंद मिळतात, म्हणजे न घाई करता ६५ ते ७० शब्द. स्थलांतर, युद्ध, गर्भपात, हवामान, सोशल मीडिया असे बारा विषय निवडा आणि प्रत्येकावर तीनच वाक्यं बांधा: माझं मत, एक ठोस उदाहरण, मी काय करेन. मोबाइलवर रेकॉर्ड करून घड्याळ लावून ऐका. पाठ मात्र करू नका. प्रश्न जरा तिरका आला की पाठ केलेलं उत्तर त्याच्या बाजूने निघून जातं आणि परीक्षकांना ते लगेच कळतं. प्रश्नातला एक शब्द पहिल्या वाक्यात उचलायची सवय लावली तर हे टळतं.

दुभाषी घेता येतो. मराठीत उत्तर देणार असाल तर वाक्यं आठ-दहा शब्दांचीच ठेवा. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात दुभाषी ताटकळतो आणि मध्येच अर्थ सोडतो.

प्रामाणिक उत्तरही फसू शकतं. १९९२ मध्ये नागपूरच्या मधु सप्रेला, देशाची प्रमुख झालीस तर पहिलं काम कोणतं, असं विचारलं गेलं. ती खेळाडू, तिने खेळाच्या सुविधांचं नाव घेतलं आणि तिसरी आली. आमच्या मते उत्तर चुकीचं नव्हतं, फक्त एक वाक्य कमी पडलं: गरीब देशातल्या मुलांना मैदान का हवं, हे.

जिंकल्यानंतरचीही तयारी ठेवा. २०२३ मध्ये निकाराग्वाची शेनिस पालासिओस जिंकली, लोक देशाचे निळे-पांढरे झेंडे घेऊन रस्त्यावर आले. २०१८ च्या सरकारविरोधी निदर्शनांत ती होती आणि झेंड्याचे हेच रंग तेव्हा विरोधाची खूण बनले होते. थोड्याच दिवसांत तिथल्या सरकारने मिस निकाराग्वा स्पर्धेच्या संचालिकेवर कटाचा आरोप ठेवला आणि त्या संचालिकेला देशात येऊ दिलं नाही. तेव्हा जुन्या पोस्ट, जुने मोर्चे, जुने फोटो यांची यादी आधीच करा. पुसू नका, पुसलेल्याचे स्क्रीनशॉट आधीच फिरत असतात. प्रत्येकापुढे एक वाक्य लिहा: तेव्हा मी तिथे का होते. पत्रकार विचारतील तेव्हा तेच सांगायचं आहे.