आधी शिल्लक माल तपासा, गुणोत्तरं नंतर काढा

माझ्या हातून झालेली पहिली मोठी चूक बेरजेची नव्हती. बेरीज चोख होती, म्हणूनच ती सापडायला वर्ष गेलं. वर्षअखेरच्या संध्याकाळी एक गाडी आली. माल उतरला, मी तो मोजला आणि साठ्याच्या यादीत लिहिला. बिल दोन दिवसांनी हातात पडलं, ते मी नव्या वर्षाच्या खरेदीत चढवलं. माल जुन्या वर्षात आणि खरेदी नव्या वर्षात, म्हणजे कागदावर तो माल आम्हाला फुकटच मिळाला! ढोबळ नफा फुगला, मालक खूश झाले आणि मी त्यांच्याहून खूश. पुढच्या वर्षी नफा खऱ्या नफ्यापेक्षा नेमका तेवढ्याच रकमेने कमी दिसला, तेव्हा कुठे मी जुनी यादी उघडली.

तेव्हापासून नवशिक्यांना शिकवताना मी गुणोत्तरांपासून सुरुवात करत नाही. सूत्रं पाठ करणं अर्ध्या तासाचं काम आहे. त्यात घालायचा आकडा कुठून आला हे कळायला जास्त वेळ लागतो, म्हणून तिथूनच सुरू करू.

व्यापाराच्या हिशेबाचा कणा एवढाच: सुरुवातीचा साठा अधिक वर्षभराची खरेदी, त्यातून अखेरचा साठा वजा केला की उरते विकलेल्या मालाची किंमत. ती विक्रीतून वजा केली की ढोबळ नफा. आता यातला प्रत्येक आकडा कशाच्या जोरावर उभा आहे ते पाहा. विक्रीला आमची बिलं आहेत, खरेदीला समोरच्याची. सुरुवातीचा साठा गेल्या वर्षाच्या ताळेबंदातून येतो. अखेरच्या साठ्याला मात्र कुणाचंच बिल नाही. कुणीतरी तो मोजतं आणि कुणीतरी त्याला दर लावतं. चुकायची आणि चुकवायची, दोन्ही सोय तिथेच.

मोजणीपासून सुरू करा. मोजायच्या आधी माल कुणाचा आहे ते ठरवा, कारण गोदामात दिसणारं सगळं आपलं नसतं आणि आपलं सगळं गोदामात नसतं. कुणी विक्रीसाठी आपल्याकडे ठेवलेला माल त्याचाच, आपण दुसऱ्याकडे तसा ठेवलेला माल आपला. वाटेत असलेला माल करारातल्या अटीवर ठरतो: विकणाऱ्याच्या दारातून निघताच मालकी बदलते, की घेणाऱ्याच्या दारात पोचल्यावर? गोंधळ झाला की मी एकच प्रश्न विचारते, ‘हा माल आत्ता जळाला तर नुकसान कुणाचं?’ कायद्याचं उत्तर क्वचित वेगळं निघू शकतं, पण नव्वद टक्के वेळा हा प्रश्न पुरतो.

नोंदी ठेवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक विक्रीबरोबर साठ्याचं खातं कमी होतं. दुसरीत वर्षाच्या शेवटी मोजायचं आणि वरच्या समीकरणातून विकलेल्या मालाची किंमत काढायची. दुसरी सोपी आहे, पण चोरीला गेलेला, फुटलेला, हरवलेला मालही तिच्यात गुपचूप ‘विकला’ जातो. मोजणीत नसलेलं सगळं विकलं गेलं, असंच ते समीकरण धरून चालतं. पहिल्या पद्धतीत खातं म्हणतं 130 नग आणि मोजणीत भरतात 120, म्हणजे दहांचा जाब विचारता येतो. म्हणून संगणक रोज साठा दाखवत असला तरी मोजणी सुटत नाही.

मग दर. मालाच्या किमतीत खरेदीचा भाव, आणण्याचं भाडं आणि परत न मिळणारे कर येतात, व्यापारी सूट वजा होते. परत केलेला माल खरेदीतूनच वजा करायचा. गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याचं भाडं आणि जाहिरात यात येत नाहीत, ते विक्रीखर्च. परीक्षेत आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त गल्लत आवक भाडं आणि जावक भाडं यांचीच होते.

खरी गंमत भाव बदलतात तेव्हा सुरू होते. वही घ्या आणि माझ्याबरोबर मांडा. चलन कुठलंही धरा. सुरुवातीला 100 नग, दर 10. मग 200 नग घेतले, दर 12. नंतर 150 नग, दर 14. एकूण 450 नग आणि किंमत 5500. त्यातले 330 नग 20 च्या भावाने विकले, म्हणजे विक्री 6600. उरले 120. या 120 नगांची किंमत किती?

‘आधी आलं ते आधी गेलं’ मानलं, म्हणजे फिफो, तर उरलेले सगळे शेवटच्या खेपेतले: 120 गुणिले 14, म्हणजे 1680. विकलेल्या मालाची किंमत 3820 आणि ढोबळ नफा 2780. ‘शेवटी आलं ते आधी गेलं’ मानलं, म्हणजे लिफो, तर उरले पहिले 100 दहाच्या दराने आणि 20 बाराच्या: 1240. विकलेला माल 4260 चा, नफा 2340. भारित सरासरी घेतली तर 5500 भागिले 450, दर साधारण 12.22, साठा 1467 आणि नफा 2567.

गोदाम तेच, नग तेच, गिऱ्हाइकांनी दिलेले पैसेही तेच. पण ढोबळ नफ्याचं प्रमाण फिफोत 42.1 टक्के, सरासरीत 38.9 आणि लिफोत 35.5. इथे विद्यार्थी हटकून विचारतात, ‘मग खरा नफा कोणता?’ तिन्ही खरे आहेत, अट एवढीच की पद्धत सांगितलेली असावी आणि दरवर्षी तीच पाळलेली असावी. साठ्याच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएएस 2, त्यात लिफोला जागा नाही, 2003 च्या सुधारणेत ती काढून टाकली. अमेरिकेत मात्र लिफो अजून चालते. चढत्या भावात नफा कमी दिसतो, म्हणून कर कमी लागतो. पण करासाठी लिफो वापरली तर भागधारकांना दाखवायच्या हिशेबातही ती वापरावी लागते, असा तिथला नियम आहे. मला हा नियम आवडतो, एका तोंडाने दोन गोष्टी बोलायची सोय तो ठेवत नाही.

दर लावल्यावर एक पायरी उरते, आणि घाईत तीच राहून जाते. माल विकून हातात येणारी रक्कम खरेदीच्या किमतीपेक्षा कमी असेल तर साठा त्या कमी रकमेला धरायचा. समजा 14 ला घेतलेला नग आता 15 ला जाईल, पण विकण्याआधी त्यावर 3 खर्च करावे लागतील. हाती येणार 12, तर दरही 12, आणि दोनाचं नुकसान याच वर्षी नोंदवायचं. ‘पुढच्या वर्षी भाव येईल’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकताच माझी पेन्सिल त्या ओळीवर थांबते. भाव खरंच आला तर आयएएस 2 प्रमाणे मूळ किमतीच्या मर्यादेत ती घट परत फिरवता येते.

आता गुणोत्तरं, आणि वहीतले तेच आकडे. विकलेल्या मालाच्या किमतीला सरासरी साठ्याने भागलं की साठा वर्षात किती वेळा फिरला ते कळतं. फिफोत सरासरी साठा 1000 आणि 1680 यांच्या मधला, 1340. 3820 भागिले 1340 म्हणजे 2.85 वेळा. 365 ला त्याने भागा: माल साधारण 128 दिवस पडून राहिला. लिफोत सरासरी 1120, फेरे 3.80 आणि दिवस 96. एकच गोदाम, आणि फक्त दर लावायची पद्धत बदलल्याने 32 दिवसांचा फरक! म्हणून दोन कंपन्यांचे साठ्याचे दिवस शेजारी मांडण्याआधी हिशेबाच्या टिपांमध्ये लेखाधोरण, म्हणजे दर कुठल्या पद्धतीने लावलाय ते, वाचा. अमेरिकी कंपनी लिफोत असेल तर दोन पद्धतींमधला फरक सहसा टिपांमध्ये दिलेला असतो. आपल्या उदाहरणात तो 440. तो साठ्यात मिळवला की तुलना जवळपास सारख्या पायावर येते. रोज नासणारा माल आणि दागिने यांच्या दिवसांची तुलना मात्र कुठल्याच दुरुस्तीने होत नाही, ती करूच नका.

चालू गुणोत्तरातही हाच साठा बसलेला असतो. रोकड, येणी आणि साठा यांच्या बेरजेला वर्षाच्या आत फेडायच्या देण्यांनी भागलं की ते मिळतं. रोकड 400, उधारीची येणी 900, साठा 1680 आणि वर्षाच्या आत फेडायची देणी 1400 धरा. चालू गुणोत्तर 2.13, दिसायला सुरेख. लिफोचा साठा घेतला की 1.81. साठा पूर्ण काढून टाकला की उरतं त्वरित गुणोत्तर, 0.93. तिन्हींत धनको तेच आणि त्यांची देणीही तीच. ‘2 असेल तर उत्तम’ असा ठोकताळा सांगतात, तो मी सांगत नाही. मी एवढंच विचारते, की या दोनातला किती भाग अजून विकला जायचा आहे?

फसवणुकीचा इतिहासही साठ्याच्या याच ओळीभोवती फिरतो. अमेरिकेतल्या मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचं प्रकरण 1938 मध्ये उघडकीला आलं. कागदोपत्री गोदामं भरलेली होती, पण त्यातला सुमारे एक कोटी डॉलरचा माल अस्तित्वातच नव्हता. लेखापरीक्षकांनी कागद पाहिले होते, माल नाही. त्यानंतर मोजणीला लेखापरीक्षकाने स्वतः हजर राहायचं, ही तिथे रीत झाली. आणि 1963 मध्ये तिथेच खाद्यतेलाच्या टाक्यांचं प्रकरण झालं: वर तेलाचा थर, खाली पाणी. तपासणारे हजर होते, तरी फसले.

टाकीत डोकावायची संधी तुम्हाला मिळणार नाही, हातात फक्त पत्रकं असतील. त्यात दोन आकडे एकत्र पाहा. साठा खोटा फुगवला की विकलेल्या मालाची किंमत घटते, म्हणून ढोबळ नफ्याचं प्रमाण वाढतं. त्याच वेळी साठा मोठा दिसतो, म्हणून साठ्याचे दिवसही वाढतात. खरोखर चांगलं वर्ष असेल तर माल सहसा झपाट्याने हलतो. माल हळू हलतोय आणि नफ्याचं प्रमाण मात्र चढतंय, असं दिसलं तर थांबा. नवा महागडा माल भरला, भाव चढले, अशी प्रामाणिक कारणंही निघतात, पण कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माझ्या त्या वर्षाचे दिवस मी नंतर काढून पाहिले. नफ्याचं प्रमाण आणि दिवस, दोन्ही वर गेलेले होते आणि भाव तर वर्षभर हलले नव्हते. तेव्हाच भागाकार केला असता तर मालकांना आनंदाची बातमी द्यायला गेले नसते. आता वर्षअखेरीला मी शेवटच्या दिवसाच्या अलीकडच्या दहा आणि पलीकडच्या दहा आवक पावत्या काढते, प्रत्येकीपुढे बिलाची तारीख लिहिते, आणि माल व बिल एकाच वर्षात बसल्याशिवाय साठ्याच्या यादीवर सही करत नाही.