कांद्याच्या डोंगळ्यावर मधमाशी येईना? या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुलोऱ्यात आले की बियाण्यासाठी कांदा लावलेल्या शेतकऱ्यांचे फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली असते. गोंडे (दांड्याच्या टोकावरचे फुलांचे गेंद) भरगच्च आहेत, पांढरेशुभ्र फुललेत, पण मधमाशी फिरकत नाही. मग मळणीला गोंडे चोळले की हातात भुसा जास्त आणि काळं बी कमी. काही ठिकाणी तर बाया लावून, हाताला मऊ कापड गुंडाळून, गोंड्या-गोंड्यावरून हात फिरवायची वेळ आलेली आहे. जे काम माशी फुकट करत होती, त्याला आता रोजंदारी मोजावी लागते.

माशीवाचून इथे एवढं का अडतं, हे फुलात डोकावल्यावर कळतं. एका गोंड्यात शेकडो फुलं असतात आणि ती दोन-चार आठवडे मागेपुढे उमलत राहतात. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर. ते आधी पिकतात आणि पराग सांडून मोकळे होतात. त्या वेळी त्याच फुलातली स्त्रीकेसराची दांडी तोकडी, कच्ची असते. ती लांब होऊन पराग घ्यायला तयार होते तोवर त्या फुलाचा स्वतःचा पराग संपून गेलेला असतो. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो, आणि तो आणणारी मुख्यतः माशीच. बोंडात तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोन बियांची जागा. सगळं जुळून आलं तर एका फुलातून सहा बिया. बोंड उघडल्यावर एखादीच बी भरलेली आणि बाकीच्या सुरकुतलेल्या दिसल्या, तर पराग पुरेसा पोचला नसल्याची दाट शक्यता असते.

शक्यताच म्हणतो, कारण फुलोऱ्यातला उन्हाचा कडाका आणि पाण्याचा ताण यांनीही बी पोकळ राहतं. कारण ओळखायला सोपा उपाय आहे. आठ-दहा गोंड्यांना रंगीत दोरा बांधा. फुलोरा सुरू असेपर्यंत एक दिवसाआड दुसऱ्या झाडाचा ताजा गोंडा त्यांच्यावर हलक्या हाताने घासा. मळणीच्या वेळी दोऱ्याचे गोंडे वेगळे काढून पाहा. तेच भरले आणि बाकीचे पोकळ निघाले, तर उणीव माशीची. दोन्ही सारखेच पोकळ असतील तर पाणी, खत आणि लागवडीची तारीख तपासा.

गुळाचं पाणी फवारणं

हा सल्ला गावोगाव फिरतो आणि दरवर्षी कोणी ना कोणी तो पाळतं. गुळाच्या वासाने माश्या येतातही. पण गोड पाणी पानावर, दांडीवर, वाफ्यातल्या मातीवर मिळत असेल तर माशी फुलात कशाला शिरेल? ती पानावरचा गूळ चाटून पोट भरते आणि निघून जाते. शेतात माशी दिसते, पराग मात्र हलत नाही. वर मुंग्या येतात, गोंडे चिकट होतात आणि बुरशीला वाव मिळतो. त्या फवारणीची मजुरी वाचवलेलीच बरी.

"संध्याकाळी फवारलं, मग काही होत नाही"

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. डोंगळ्यावर फुलकिडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, येतात हे खरं, आणि ते बंदोबस्ताशिवाय जात नाहीत हेही खरं. नुसत्या स्पर्शाने मारणारी आणि लवकर विरणारी औषधं माशी घरी गेल्यावर, अंधार पडताना मारली तर धोका कमी होतो. आंतरप्रवाही औषधांना हा नियम लागू पडत नाही. थायमेथोक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिड झाडाच्या रसात भिनतं आणि तिथून मकरंदात आणि परागात उतरतं. फवारणी काल संध्याकाळची असली तरी आज सकाळच्या मकरंदात ते असू शकतं.

प्रमाण किती लागतं? थायमेथोक्झाम पोटात गेलं तर मधमाशीला मारक ठरणारी मात्रा सुमारे 5 नॅनोग्रॅम आहे. 1 ग्रॅममध्ये अशा 20 कोटी मात्रा बसतात. जी माशी याहून कमी खाते ती जागेवर मरत नाही, पण तिची दिशा ओळखायची ताकद बिघडते आणि ती पोळ्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच पुष्कळ वेळा शेतात मेलेल्या माश्या दिसत नाहीत आणि "आमच्या औषधाने काही झालं नाही" असं वाटत राहतं. युरोपीय संघाने 2018 साली इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झाम या तिघांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच.

डब्यावरचा त्रिकोण पाहून निर्धास्त होऊ नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग माणसाला आणि जनावरांना असलेल्या विषबाधेच्या धोक्यानुसार ठरतात. माशीला काय होईल हे त्यावरून कळत नाही. थायमेथोक्झाम त्या मोजणीत निळ्या गटात बसतं आणि माशीला ते जहाल आहे.

दुसरी सवय एकाच टाकीत दोन औषधं कालवण्याची. करप्यासाठी बुरशीनाशक आणि फुलकिड्यांसाठी कीटकनाशक, म्हणजे एका मजुरीत दोन कामं. पण प्रोपिकोनॅझोलसारखी बुरशीनाशकं माशीच्या शरीराची विष पचवायची ताकद कमी करतात, आणि लॅम्डा-सायहॅलोथ्रिनसारखं कीटकनाशक त्यांच्या जोडीने कितीतरी जास्त घातक होतं. एकेकटी औषधं "चालतात" म्हणून मिश्रणही चालेल असं धरू नये.

मग करायचं काय? फुलकिड्यांचा जोर गोंडे उमलायच्या आधी मोडा. दांडे वर येत असतानाच निळे चिकट सापळे लावून किडीवर नजर ठेवा, लागेल ती फवारणी गोंड्यांवरचं पातळ आवरण फुटायच्या पुरेशी आधी आटपा, आणि त्यात आंतरप्रवाही औषध टाळा. पहिली फुलं उघडल्यापासून बी धरेपर्यंत पंप बाजूला ठेवा. थोडे फुलकिडे राहतील. त्यांनी होणारं नुकसान बिनमाशीच्या फुलोऱ्यापेक्षा कमी असतं.

पेट्या आणल्या म्हणजे प्रश्न मिटला

भाड्याने मधपेट्या आणणं हा चांगला उपाय आहे आणि मी तो आवर्जून सुचवतो. चूक होते ती वेळेत. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं आणि माशीला तो फारसा आवडत नाही. आसपास दुसरं काही फुललेलं असेल तर ती तिकडे वळते, आणि एकदा एका फुलाची सवय लागली की तेच धरून राहते. म्हणून पेट्या लागवडीबरोबर आणून ठेवू नयेत. दहा टक्के फुलं उघडली की आणाव्यात, म्हणजे माशी बाहेर पडताच समोर डोंगळाच दिसतो. सातेरीच्या (पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या) एकरी दोन पेट्या, सावलीत, तोंड पूर्वेकडे, पेटीखालच्या घोडीच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. जवळ उथळ भांड्यात पाणी आणि त्यात बसायला खडे ठेवा. नाहीतर माश्या ठिबकच्या गळतीवर किंवा खताच्या टाकीवर जातात.

"जगातल्या मधमाश्या संपत चालल्यात, म्हणून पेट्या वाढवा" हे वाक्यही जरा तपासून घ्यायला हवं. अमेरिकेत 2006 च्या हिवाळ्यात मधमाश्यांच्या वसाहती अचानक ओस पडू लागल्या आणि ती बातमी जगभर गेली. तिच्याबरोबर आइन्स्टाइनच्या नावाचं "माशी संपली की माणूस चार वर्षांत संपेल" हे वाक्यही पसरलं. ते त्यांनी म्हटल्याचा कसलाही पुरावा नाही. आकडे वेगळंच सांगतात. आयझेन आणि हार्डर या संशोधकांनी 2009 साली मांडलेल्या हिशेबानुसार जगातल्या पाळीव वसाहती 1961 नंतर सुमारे 45 टक्क्यांनी वाढल्या. पण परागीभवनावर अवलंबून असलेली शेती त्याच काळात 300 टक्क्यांहून जास्त वाढली. पेटीतल्या माशीच्या वाढीने ही दरी भरत नाही. ती भरून काढत होत्या रानातल्या माश्या: झाडाच्या ढोलीतली सातेरी, झुडपातली फुलोरी, कड्यावरची आग्या. कमी होतायत त्या या.

माणूस चार वर्षांत संपणार नाही. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी यांचं माशीवाचून अडत नाही. मग ताटातून काय जाईल? भोपळा, दोडका, कारलं, काकडी, कलिंगड, सूर्यफुलाचं तेल, कांद्याचं आणि कोथिंबिरीचं बी. आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2016 च्या अहवालानुसार जगातल्या प्रमुख अन्नपिकांच्या 75 टक्क्यांहून जास्त प्रकारांना परागीभवन करणाऱ्या जीवांचा थोडाफार तरी आधार लागतो. म्हणजे पोट भरेल, पण जीवनसत्त्वं महाग होतील, आणि त्याची झळ आधी गरिबाच्या घराला लागेल.

पेट्यांबाबत आणखी एक खबरदारी. दुसऱ्या भागातून वसाहत आणताना ती निरोगी आहे का हे न पाहता आणू नका. 1991-92 मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूने केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूतल्या सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती संपवल्या. रोगी पेटीची एक फळी (पोळ्याची चौकट) निरोगी पेटीत गेली तरी पुरे होते.

बांध स्वच्छ करणं

डोंगळा फुलतो तीन-चार आठवडे. उरलेले अकरा महिने माशीने खायचं काय? बांधावरची एकदांडी, बोर, बाभूळ, करंज, शेवगा, परसातली तुळस हेच तिचं वर्षभराचं रेशन. तणनाशक मारून बांध पिवळाधमक केला की ते बंद होतं. बांधावरच्या जुन्या झाडाची ढोली पाडली की सातेरीचं घर जातं. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली "मधाचं गाव" म्हणून जाहीर झालं, पण तिथला मध जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी यांच्यावर उभा आहे. ती झाडं आणि झुडपं आधी आहेत, पेट्या त्यांच्या आधाराने. आपल्या बांधावर चार शेवगे आणि दोन करंज लावायला फारसा खर्च नाही.

मोहोळ जाळणं

हे शेतापेक्षा शहरात जास्त घडतं. सोसायटीच्या गच्चीखाली किंवा पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागलं की रात्री औषध मारून किंवा टेंभा लावून ते संपवतात. आग्या माशी स्थलांतर करणारी आहे. हंगाम संपला की ती आपणहून निघून जाते आणि पुढच्या वर्षी बहुधा त्याच जागी परत येते. त्या काही महिन्यांत तिला धक्का लागू नये एवढंच पाहायचं असतं: खाली फटाके नाहीत, धूर नाही, दगड नाही, जवळ प्रखर दिवा नाही. जिना किंवा शाळेच्या दाराजवळ असेल आणि हलवणं भागच असेल, तर माश्या न मारता मोहोळ काढणारे प्रशिक्षित लोक मिळतात, त्यांना बोलवा. डंख बसलाच तर नांगी लगेच नखाने खरवडून काढा. चेहरा सुजला, श्वास लागला किंवा डंख खूप असतील तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

रानातला मध काढतानाही हेच. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या, फांदीकडच्या भागात असतो आणि खाली पिल्लं. मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवला तर माश्या परत बसतात. सगळं पोळं पिळणाऱ्याच्या मधात पिल्लांचा रस उतरतो आणि तो लवकर आंबतो.

पेटीत माश्या मेल्या तर

आधी घाबरून औषध घालू नका, बघा. एका दिवसात पेटीच्या तोंडाशी ढिगाने मेलेल्या कामकरी माश्या, काहींची सोंड बाहेर, काही जमिनीवर थरथरत फिरताना दिसल्या, तर विषबाधा. आत पिल्लं पोळ्यातल्या घरात सरळ ताणलेली, डोकं वर, चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी येत असतील, तर सॅकब्रूड. याच्यावर औषध नाही. ती पेटी वेगळी काढा, तिच्या फळ्या आणि अवजारं दुसरीकडे वापरू नका. पोळ्यात जाळी आणि अळ्या दिसल्या तर मेणपतंग, पण तो बहुतेक वेळा वसाहत आधीच अशक्त झाल्यावर शिरतो, त्यामुळे मूळ कारण वेगळं शोधा. पोळी कोरडी, मध नाही, माश्या गायब, तर उपासमार.

विषबाधा वाटली तर त्याच दिवशी फोटो काढा, मेलेल्या माश्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयाला कळवा. आसपास कोणी काय फवारलं हे भांडण न काढता विचारा, कारण पुष्कळदा शेजाऱ्याला तुमच्याकडे पेट्या आहेत हेच ठाऊक नसतं. पुढच्या हंगामात डोंगळा लावायच्या आधीच आजूबाजूच्या शेतकऱ्यांना फुलोऱ्याचे अंदाजे आठवडे सांगून ठेवा, त्यांच्या फवारणीच्या तारखा विचारा, आणि पेट्यावाल्याचा नंबर त्यांच्याकडे द्या. फवारणी टळत नसेल तर पेट्यावाल्याने आदल्या रात्री पेट्यांची तोंडं जाळीने बंद करावीत किंवा त्या दोन-तीन किलोमीटर लांब हलवाव्यात.