इंग्लंडहून स्पेनला बोटीने, कुत्र्यासकट: कसं जायचं

कुत्र्याला घेऊन इंग्लंडहून स्पेनला जायचं तर धड मार्ग मुख्यतः दोन. एक तर फ्रान्समधल्या कॅले बंदरात उतरून पुढे हजार किलोमीटरच्या वर फ्रान्स गाडीने तुडवायचा, नाहीतर पोर्ट्समथला गाडी बोटीत घालायची आणि थेट स्पेनमधल्या सान्तान्देर किंवा बिल्बाओला उतरायचं. विमानाचं विसरा, कारण परत येताना साधा पाळीव कुत्रा ब्रिटनमध्ये कार्गोनेच आणावा लागतो. बोटीला साधारण ३० तास लागतात, थोडे इकडेतिकडे, म्हणजे एक रात्र नक्की आणि सुटायची वेळ उशिराची असेल तर दोन. इथल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर विचारलं की सगळे कागदांबद्दलच सांगतात. कागद लागतातच, पण ते पैसे टाकून होतात. खरी अडचण कुत्र्याची असते, आणि ती म्हणजे त्याला लोखंडी डेकवर शू करायची नसते.

आधी केबिन, मग बाकी सगळं

तारखा ठरवून, सुट्टी टाकून, मग बुकिंगला बसलात तर बहुतेक वेळा पेट फ्रेंडली केबिन, म्हणजे कुत्रा सोबत ठेवता येणारी खोली, गेलेली असते, कारण त्या बोटीवर मोजक्याच असतात आणि उन्हाळ्याच्या तर महिनोन्‌महिने आधी भरतात. म्हणून उलटं करा, केबिन जेव्हा मिळतेय त्याप्रमाणे सुट्टी घ्या. या केबिनमध्ये कार्पेटऐवजी पुसता येणारी फरशी असते, बाकी नेहमीसारखीच, दोन-चार बंक आणि इवलंसं बाथरूम. ती नाही मिळाली तर काही बोटींवर केनेल असतात, म्हणजे कुत्रा वेगळा आणि तुम्ही वेगळे. शांत, क्रेटची सवय असलेल्या कुत्र्याला चालतं, पण एकटं राहिलं की घर डोक्यावर घेणाऱ्याला अजिबात नको, त्यापेक्षा तारीख बदला. इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनलच्या छोट्या फेऱ्यांवर कुत्रा गाडीत ठेवतात ते ऐकून इथे तसं गृहीत धरू नका, इतक्या लांबच्या प्रवासात गाडीत ठेवायचा प्रश्नच येत नाही. बोट निघाली की कार डेक बंद होतो आणि आपल्याला मधे खाली जाता येत नाही.

कागद

हे पटकन सांगते. मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) आधी, रेबीजची लस नंतर, हा क्रम उलटा झाला तर लस धरत नाहीत. लसीच्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबायचं. मग ॲनिमल हेल्थ सर्टिफिकेट, ज्याला सगळे एएचसी म्हणतात, ते युरोपात पोचायच्या आधी १० दिवसांच्या आत व्हेटकडून, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडून, घ्यायचं. ब्रिटनमध्ये काढलेले जुने निळे पेट पासपोर्ट १ जानेवारी २०२१ पासून तिकडे चालत नाहीत. एएचसी प्रत्येक व्हेट देत नाही, ऑफिशियल, म्हणजे सरकारमान्य, व्हेट लागतो, आणि १०० ते २०० पौंड सहज जातात, त्यामुळे दोन-तीन दवाखान्यांत फोन करून भाव विचारायला लाजू नका. सर्टिफिकेट इंग्रजीबरोबर तुम्ही ज्या देशात आधी उतरणार त्याच्या भाषेत असतं, म्हणजे व्हेटला स्पष्ट सांगा की स्पेनला उतरतोय, फ्रान्सला नाही. मे २०२५ मध्ये यूके आणि ईयूमध्ये पेट पासपोर्ट परत आणायचं ठरलंय, तर निघण्याआधी सरकारी साइटवर एकदा ताजे नियम बघून घ्या.

(भारतातून ब्रिटनमध्ये कुत्रा आणणाऱ्यांसाठी हे सगळं वेगळं आहे बरं का. तिथून येताना रेबीजची रक्ततपासणी लागते, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि त्यानंतर ३ महिने थांबायचं. ते आईबाबांकडे राहिलेल्या मोतीला आणायचं ठरवतानाच डोक्यात ठेवा.)

घरची तालीम: मझल आणि शू

हा भाग लोक सोडतात आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यायचा असतो. निदान महिनाभर आधी सुरू करा.

केबिनच्या बाहेर पडलं की कुत्र्याला मझल, म्हणजे तोंडावर बांधायची मुसकी, घालावा लागतो, कितीही गरीब असला तरी. कापडी नळीसारखा मझल घेऊ नका, त्यात तोंड उघडता येत नाही आणि कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. जाळीचा, म्हणजे बास्केट मझल घ्या, ज्यात जीभ बाहेर काढून पाणी पिता येतं. पहिल्या दिवशी तो नाकावर चढवायचाच नाही. आतल्या बाजूला घट्ट दही किंवा चीज लावायचं, मझल हातात वाटीसारखा धरायचा आणि त्याला स्वतःहून तोंड घालू द्यायचं, चाटून झालं की तो स्वतःच बाहेर येतो. चार-पाच दिवस एवढंच. मग चाटत असताना पट्टा मानेमागे नुसता धरायचा, मग दोन सेकंद लावून काढायचा, मग लावून दारापर्यंत जाऊन यायचं. पंजाने ओढायला लागला की आपण घाई केली असं समजायचं आणि एक पायरी मागे यायचं. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) नाही ना ते वाचा, ते कुत्र्यांना विषारी असतं.

आता शू. घरच्या कुत्र्याला गवत आणि आपला ठरलेला कोपरा लागतो. बोटीवर वरच्या डेकला कुत्र्यांसाठी एक कुंपण घातलेली जागा असते, खाली रंगवलेलं लोखंड, फार तर नकली गवताचा तुकडा, वर भन्नाट वारा, इंजिनाची घरघर आणि शेजारी चार अनोळखी कुत्री. तिथे नेलं की तो तुमच्याकडे बघत उभा राहतो, बस्स. काही कुत्री दहा-बारा तास अडवून धरतात. उपाय एकच, रोज फिरायला नेताना काँक्रीटवर, सुपरमार्केटच्या पार्किंगच्या कडेला, असं करायला शिकवायचं, आणि करताना एक ठरावीक शब्द म्हणायचा, 'चल शू कर' म्हणा नाहीतर आणखी काही, फक्त घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणायचा. झालं की लगेच खाऊ. शिवाय निघायच्या आदल्या दिवशी त्याचीच शू टिपलेला जुना टॉवेल पिशवीत बांधून घ्या. घाण वाटेल, पण डेकच्या कोपऱ्यात तो अंथरला की वास घेऊन त्याला कळतं इथे चालतं म्हणून.

निघायच्या दिवशी

बंदरावर जायच्या आधी तासभर मनसोक्त चालवा. जेवण बोट सुटायच्या तीन-चार तास आधी, रोजच्यापेक्षा अर्धंच. वाटेतला बिस्केचा उपसागर खवळलेला असला की माणसंसुद्धा भिंतीला धरून चालतात. गाडीतही उलटी करणारा कुत्रा असेल तर व्हेटकडून मॅरोपिटंट मागून घ्या, ते उलटीचं औषध आहे, गुंगीचं नाही. गुंगीचं औषध स्वतःच्या मनाने मुळीच नको, डुलणाऱ्या बोटीवर त्याचा तोल आधीच जात असतो.

गाडीतून केबिनमध्ये न्यायची पिशवी वेगळी भरा, कारण परत खाली जाता येणार नाही: कागद, मझल, छोटा पट्टा, पाण्याचं पसरट भांडं, रोजचंच खाणं, शीच्या पिशव्या भरपूर, किचन रोल, त्याची न धुतलेली चादर आणि तो टॉवेल. गाडीचा अलार्म बंद करून या. कार डेकवर साखळ्यांचे आवाज, डिझेलचा वास आणि उभे लोखंडी जिने असतात, लहान कुत्र्याला उचलून घ्या, मोठ्याला लिफ्टने न्या.

बोटीवर

केबिनमध्ये गेल्यावर आधी चादर अंथरा, पाणी ठेवा, मग त्याला लगेच डेकवर नेऊन जागा दाखवा, बंदरात बोट स्थिर असतानाच. सुटण्याच्या सुमारास लाउडस्पीकरवर सूचना आणि अलार्मची चाचणी होते तेव्हा त्याच्याजवळ असा. जेवायच्या हॉलमध्ये कुत्र्याला नेता येत नाही, म्हणून पाळ्या लावा, एकाने जेवायचं, एकाने बसायचं. आपला डबा असतोच म्हणा, पण चिवड्यातले बेदाणे आणि पोह्यातला कांदा दोन्ही कुत्र्याला विषारी, तेव्हा पोरांना आधीच दम देऊन ठेवा. साधा दहीभात चालतो.

रात्री झोपायच्या आधी उशिरात उशिरा एकदा वर न्या आणि पहाटे गर्दी नसताना परत. नाहीच केली तर रागावू नका, दहा मिनिटं फिरून खाली या, तासाने पुन्हा न्या. केबिनमध्ये झाली तर पुसा आणि विसरा, फरशी त्यासाठीच आहे.

सान्तान्देरला बोट थेट शहराच्या मधेच लागते आणि बाहेर पडल्यावर जवळच हार्दीनेस दे पेरेदा ही बाग आहे. मोटरवेला लागायच्या आधी तिथे थांबा.

परत येताना

इथे गणित आहे. ब्रिटनमध्ये पोचायच्या २४ ते १२० तास आधी स्पेनमधल्या व्हेटकडून टेपवर्मची (पोटातल्या जंतांची) गोळी देऊन कागदावर तारीख आणि वेळ लिहून घ्यावी लागते. तास बोटीत चढायच्या नाही, पोचायच्या वेळेपासून मोजायचे. समजा बोट पोर्ट्समथला रविवारी संध्याकाळी ६ ला लागणार, तर गोळी मंगळवार संध्याकाळी ६ ते शनिवार संध्याकाळी ६ च्या मधे. पण शनिवारी दुपारी तर तुम्ही बोटीतच असाल, म्हणून गुरुवार किंवा शुक्रवार सकाळची अपॉइंटमेंट घ्या, आणि ती स्पेनला पोचल्या पोचल्याच ठरवून टाका, आयत्या वेळी गावातला दवाखाना बंद निघतो. बाहेर पडण्याआधी शिक्का, सही, वेळ आणि चिपचा नंबर तिथेच उभं राहून तपासा. चेक-इनला चिप वाचायचं यंत्र बहुतेक तुमच्याच हातात देतात, चिप कुठे सरकलीय ते घरीच चाचपून ठेवलेलं बरं. गोळीची वेळ हुकली असेल तर परत गोळी देऊन, वेळेचा हिशोब पुन्हा लावून, पुढची बोट बघायची, आणि बोट रोज नसते.