‘अ टच ऑफ झेन’ बघताना या चुका टाळा

दिग्दर्शक किंग हू यांचा हा तलवारबाजीचा तैवानी चित्रपट मी अनेकांना आग्रहाने बघायला सांगितला. त्यातल्या बऱ्याच जणांनी तो अर्ध्यावरच बंद केला. तक्रार ठरलेली: ‘मारामारी कुठाय?’ तक्रार खोटी नाही, पहिली खरी झुंज यायला जवळपास तास जातो. पण चित्रपट रेंगाळतो म्हणून त्या तासाला दोष देणं हीच सगळ्यात मोठी चूक.

धुकं, कोळ्यांची जाळी, पडका किल्ला. गावात गू नावाचा तिशीचा चित्रकार. त्याची आई सरकारी परीक्षा दे, लग्न कर, म्हणून सतत मागे लागलेली. शेजारच्या ओसाड घरात यांग नावाची तरुणी राहायला येते. गावात अनोळखी माणसं दिसू लागतात. कोण कुणावर पाळत ठेवतंय, हे आपल्याला गूइतकंच कळतं, त्याहून जास्त नाही. हा तास पळवत पाहिलात तर यांगच्या हातात शस्त्र दिसतं तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो येणारच नाही. कंटाळा आलाच तर संवाद सोडून कोण कुठे उभं आहे, कोण आडून बघतंय, तेवढंच बघत राहा.

दुसरी चूक मध्यंतराची. तैवानमध्ये हा चित्रपट 1970 आणि 1971 मध्ये दोन भागांत आला. पहिला भाग बांबूच्या वनातल्या झुंजीवर संपला आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला तीच झुंज पुन्हा दाखवली गेली. आज मिळतो तो सलग तीन तासांचा. एका बैठकीत जमत नसेल तर बांबूवनापाशीच थांबा. झोप आली म्हणून किल्ल्यातल्या रात्रीच्या लढाईत मधेच थांबलात, तर दुसऱ्या दिवशी काही केल्या तो ताण परत जुळत नाही. त्या लढाईत नुसता काळोख दिसत असेल तर दोष प्रतीचा असू शकतो. 2015 मध्ये 4के दर्जाची दुरुस्त केलेली प्रत आली आहे, ती शोधा.

ब्रूस लीचं माप इथे लावू नका. गंमत अशी की इथल्या झुंजी बसवणारे हान यिंगजी हेच ब्रूस लीच्या ‘द बिग बॉस’ चित्रपटातले खलनायक. पण त्यांची घडण बीजिंग ऑपेरातली, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या पारंपरिक चिनी नाट्यातली. इथे पवित्रा, थांबणं आणि नजर यांना फटक्याइतकंच वजन आहे. एकेक झेप छोट्या छोट्या तुकड्यांतून जोडलेली आहे. बांबूवरून खाली येणारी यांग एक क्षणभरच दिसते. तेवढ्यात मोबाइलकडे बघितलंत तर संपलं.

आता खरी अडचण. मधल्या पूर्वकथेत चीनच्या मिंग राजघराण्याचा दरबार, पूर्व विभाग या गुप्त पोलीस खात्याचे हेर, षंढ अधिकारी, सेनापती अशी नावांची रास एकदम अंगावर येते. तिथे एवढंच धरून ठेवा: यांगच्या प्रामाणिक वडिलांचा दरबारातल्या बलाढ्य माणसाने बळी घेतला, आता तिचा पाठलाग चालू आहे. नंतर किल्ल्याची लढाई. सकाळी गू शत्रूसाठी रचलेल्या आपल्याच युक्त्यांवर खदाखदा हसत हिंडतो आणि अचानक त्याला पडलेली प्रेतं दिसतात. या चित्रपटात मला याहून मोठा क्षण सापडत नाही.

तिथेच गाडी अडते. गोष्ट संपली असं वाटतं, आणि नवा खलनायक येतो. त्याच्यासाठी पुरेशी तयारीच झालेली नसते. ज्याच्या डोळ्यांनी दोन तास बघितलं तो गू जवळजवळ बाजूला पडतो. हा दोष मी झाकणार नाही. 1975 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तंत्रासाठीचा मोठा पुरस्कार मिळाला म्हणून तो नाहीसा होत नाही. मात्र गूची वाट बघत बसलात तर शेवटचा भाग जास्तच लांबतो. त्याला तिथेच सोडा आणि हुईयुआन या बौद्ध भिक्षूच्या मागे जा. त्याच्या जखमेतून सोनेरी रक्त वाहतं आणि सूर्य त्याच्या डोक्यामागे येतो, तेव्हा अर्थ विचारायची घाई करू नका, पडदा काळा होईपर्यंत जागचे हलू नका.